शिजवल्याशिवाय सांगता येत नाही

सकाळी सहाला माझ्या कुकरमध्ये इंद्रायणी असतो. पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार विभागातल्या एका तांदळाच्या पेढीवर मी एकोणीस वर्षं काम करते. दिवसभर हात बासमतीत असतो, तरी घरच्या वरणाला इंद्रायणीच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं हे वाण म्हणजे आंबेमोहोराची लेक. मऊ, जरा चिकट शिजतं, म्हणून वरण त्याला धरून राहतं. बासमतीचा दाणा वरणातून निसटतो. त्यात बासमतीचा काही दोष नाही, त्याचं काम वेगळं आहे. रोज गिऱ्हाइकांना मी हेच सांगत असते.

सात वाजता गाळा उघडतो. तुळशीचं लग्न होऊन आठवडा झालाय, म्हणजे लग्नसराईची खरेदी सुरू. रात्री कर्नालकडून ट्रक आलाय, दीड हजार किलोमीटरांहून जास्त अंतर तोडून. मुकादममामा फळीवर उभे.

"ताई, तीन वक्कल आहेत. उतरवून बाजूला ठेवू ना?"

"बाजूलाच, मामा. थप्पी नको लावू देऊ पोरांना."

हा आमच्या पेढीचा नियम आहे. शिजवून पाहिल्याशिवाय माल थप्पीला लागत नाही. तो नियम कसा झाला ते पुढे सांगते.

प्रत्येक वकलातून, म्हणजे मालाच्या प्रत्येक लॉटमधून, वरचे, मधले, तळाचे असे कट्टे निवडायचे. टोकदार लोखंडी पन्हळ पोत्यात खुपसली की मूठभर दाणे घरंगळत बाहेर येतात. ते तळहातावर घ्यायचे, मूठ बंद करायची, आत तोंडाची वाफ सोडायची आणि लगेच वास घ्यायचा. उबेने दाण्यातला वास जागा होतो. मग एक दाणा पुढच्या दातांखाली. जुना तांदूळ कट्‌ आवाज करून तुटतो. नवा आधी दबतो, मग तुटतो. रंगही बोलतो: जुन्यावर फिकट सायीसारखी झाक येते, नवा पांढराफटक दिसतो.

पहिलं वक्कल ११२१ या बासमती वाणाचं, स्टीम, गेल्या वर्षीचं. आमच्या बोलण्यात 'अकरा-एकवीस'. दुसरं पारंपरिक बासमती, थोडंच, वीस कट्टे. तिसरंही बिलावर '११२१ जुना' असंच लिहिलेलं. दाणा सुरेख, लांब, एकसारखा. पण दाताखाली दबला. दुसरा घेतला, तोही दबला. तिसरा कट्‌ तुटला. मी काही बोलले नाही. नुसत्या दातावरून माल नाकारायचा नसतो.

साडेआठ. ताट मांडायची वेळ. माझं ताट काळं आहे, त्यावर पांढऱ्या दाण्याचा कण न्‌ कण दिसतो. शंभर दाणे मोजून घ्यायचे आणि वेगळे करायचे: अख्खे एकीकडे, तुकडे एकीकडे, पोटात पांढरा खडूसारखा डाग असलेले तिसरीकडे, तांबडी रेघ राहिलेले, काळवंडलेले आणखी एकीकडे. मग अख्ख्यातले दहा दाणे टोकाला टोक लावून पट्टीशेजारी ओळीत. पहिल्या वकलाचे दहा दाणे ८३ मिलिमीटर भरले. पारंपरिक ७०. तिसऱ्याचे ८४. नुसती पट्टी धरणारा माणूस तिसऱ्यालाच पहिला नंबर देईल.

इथे लोकांचा एक मोठा गैरसमज आहे, तो दूर करते. दुबार, तिबार, मोगरा ही तांदळाची वाणं नाहीत. शेतात कोणी मोगरा पेरत नाही. एकच भात गिरणीत सडला जातो. बासमतीचा दाणा लांब आणि सडपातळ, त्यामुळे सडताना तो तुटतो. मग खाचांच्या फिरत्या नळकांड्यांमधून लांबीप्रमाणे माल वेगळा होतो. अख्खा राहिला तो सर्वांत वरचा. पाऊण दाणा तो तिबार, निम्म्याच्या आसपासचा दुबार, त्याखाली मोगरा, मग मिनी मोगरा, शेवटी कणी. म्हणजे चांगल्या जुन्या बासमतीचा मोगरा हा त्याच्या अख्ख्या दाण्याचा सख्खा भाऊ आहे. वास तोच, चव तीच, किंमत मात्र कितीतरी कमी. उलट हलक्या मालाचा अख्खा दाणा हा नुसता लांब तांदूळ. मला विचाराल तर मी घरच्यासाठी भारी मालाचा तिबार घेईन, साध्या मालाचा अख्खा 'सुपर' घेणार नाही.

यात आणखी एक विभागणी आहे ती प्रक्रियेची. भात तसाच सडला तर तो कच्चा, आम्ही 'रॉ' म्हणतो. सडण्याआधी वाफ दिली तर स्टीम. भिजवून, उकडून, वाळवून मग सडला तर सेला. जास्त मुरवला की पिवळसर होतो तो गोल्डन सेला. कोकणातला उकडा तांदूळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना सेला समजायला वेळ लागत नाही. कृती तीच, दाणा वेगळा.

दहा वाजता मागच्या खोलीत गॅस पेटतो. दिवसातलं हे माझं सर्वांत आवडतं काम. तीन पातेली. प्रत्येकी पन्नास ग्रॅम तांदूळ, दोन पाण्यांनी हलक्या हाताने धुतलेला, अर्धा तास भिजवलेला. भिजताना बासमतीचा दाणा काचेसारखा असतो तो दुधासारखा पांढरा होतो. भरपूर उकळत्या पाण्यात सोडायचा आणि झाकण न ठेवता उभं राहून पाहायचं.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला वास येतो. पारंपरिकचा आधी आणि जास्त. आमच्याकडे १९३३ सालच्या बासमती ३७० पासूनच्या आणि तरावडी भागातल्या जुन्या वाणांना पारंपरिक म्हणतात. दाण्याची लांबी बेताची, शेतात उंच वाढून आडवी पडणारी, उतारा कमी. पण वासाला तोड नाही. या वासामागे २-असिटिल-१-पायरोलीन नावाचं एक द्रव्य आहे. तेच आपल्या आंबेमोहोरात आहे. केवड्याच्या कुळातलं जे पान काही जण कुंडीत लावतात आणि भाताच्या आधणात टाकतात, त्यातही तेच. म्हणून आंबेमोहोर पिकवणाऱ्या मुळशीच्या माणसाला बासमतीचा वास परका वाटत नाही, असं मला वाटतं. वरून अत्तर मारलेला तांदूळही ओळखता येतो: कट्टा उघडताच घमघमतो, दोन पाण्यांत धुतला की गप्प होतो. खरा बासमती याच्या उलट वागतो. कोरडा असताना संयमी, शिजताना बोलका. बासमतीला कृत्रिम रंग, वास लावायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनी मनाई केली आहे. ती १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहेत.

पहिलं पातेलं उतरवलं, चाळणीत ओतलं, ताटात पसरलं. दहा दाणे पुन्हा ओळीत: १८६ मिलिमीटर. कच्च्याच्या सव्वादोन पट. बासमतीची खरी ओळख ही आहे. दाणा जाडीत न फुगता लांबीत वाढतो. बासमती म्हणवून घ्यायचं तर शिजून किमान १.७ पट लांब व्हायला हवं. दिल्लीच्या पुसा संस्थेतून २००३ साली आलेल्या ११२१ ने या बाबतीत जगाला चकित केलं. चांगला मुरलेला दाणा दोन सेंटिमीटरपर्यंत जातो.

पारंपरिक १३१ भरले. दाणे थोडे वाकलेले, खंजिरासारखे, एकमेकांना न चिकटलेले.

तिसरं पातेलं उतरवायच्या आधीच कळलं. पाणी पेजेसारखं दाट झालं होतं. ताटात पसरलं तर निम्मे दाणे सुटे, निम्मे टोकाला फाटलेले, गुठळीत अडकलेले. मोजायला अख्खे दहा सापडेनात. सापडले ते १५० भरले. नव्या-जुन्याची भेसळ. नव्या तांदळातला ओलसरपणा आणि कच्चा स्टार्च पाण्यात उतरतो, भात चिकटतो. वर्षभर मुरला की दाणा आतून घट्ट होतो, पाणी जास्त पितो, फाटत नाही. दोन्ही एका पातेल्यात आले की दुहेरी नुकसान: जुना शिजेपर्यंत नवा विरघळतो.

मला हे इतकं का लागतं ते आता सांगते. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पेढीवर गर्दी, मी एका वकलाचा वास घेतला, लांबी मोजली, शिजवायला वेळ नव्हता म्हणून 'चालेल' असं लिहून मोकळी झाले. तो माल हडपसरकडच्या एका लग्नाला गेला. चारशे पानांचा पुलाव. संध्याकाळी आचाऱ्याचा फोन आला. तो ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "ताई, लगदा झाला. मुलीच्या वडिलांना काय सांगू?" त्या रात्री आचाऱ्यांनी पुलाव बाजूला ठेवून साधा भात लावला. शेठ मला एका शब्दाने बोलले नाहीत, पैसे परत केले. पण त्या वडिलांची पंगतीत काय अवस्था झाली असेल, हे आजही पातेलं चढवताना मनात येतं. दुसऱ्या दिवसापासून थप्पीचा नियम सुरू झाला.

साडेअकरापासून दीडपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. कॅम्पातले एक बिर्याणीवाले चाचा दर आठवड्याला येतात. त्यांना स्टीम ११२१ लागतो, दोन वर्षं जुना असला तर जास्त खूश. दम बिर्याणीत तांदूळ आधी पाऊण शिजवून मग मांसावर थर देतात, उरलेला वाफेवर शिजतो. त्या शेवटच्या वाफेत दाणा उभा राहिला पाहिजे. मोठ्या मांडवाचं काम असलं की मात्र ते सेला नेतात. देग चार तास झाकून राहिली तरी सेला मोडत नाही. वास कमी, मसाला आत मुरायला वेळ घेतो, भिजवायला तासभर तरी हवा, पाणीही जास्त. पण चुकायची भीती नाही. आखाती देशांत आपला सेला इतका का खपतो, याचं मोठं कारण हेच आहे.

खानावळवाल्यांना जिऱ्याच्या भातासाठी दुबार. फोडणीला, परतायला आखूड दाणा सोयीचा, वाढताना तुटायचा प्रश्न नाही. डबे देणाऱ्या एक ताई मोगरा नेतात, खिचडीला आणि खिरीला. खिरीला मोगऱ्यासारखं दुसरं काही नाही. दाणा लवकर मोडतो, दूध दाट करतो आणि वास दुधात उतरतो. अख्खा महागाचा बासमती खिरीत घालणाऱ्यांना मी हात जोडून अडवते.

बाराच्या सुमाराला कोथरूडच्या एक आजी आल्या. पुढच्या रविवारी नातवाचा वाढदिवस, नारळीभात करायचाय.

"मला देहरादून दे गं. आमचे हे असताना तोच आणायचे."

देहरादूनचा म्हणून जो टाइप-३ बासमती होता, त्याची शेतं डून खोऱ्यात शहर वाढलं तशी घरांखाली गेली. मी आजींना तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग नुकताच शिजवलेला पारंपरिकचा भात चमच्याने त्यांच्या तळहातावर दिला. त्यांनी आधी वास घेतला, डोळे मिटले, मग खाल्ला.

"हाच की गं तो."

"तो नाही आजी, पण त्याच घरातला आहे."

दोन किलो दिला. त्यांनी मला नारळीभाताची एक गोष्ट पुन्हा बजावली, ती मीही सगळ्यांना सांगते. गूळ घालण्याआधी भात पूर्ण शिजलेला हवा. गूळ पडला की दाणा आकसतो, कडक होतो. मग कितीही वाफ द्या, तो पुढे शिजत नाही. साखरभाताचंही तेच. म्हणून तिथे मुरलेला, न फाटणारा दाणा लागतो, आणि पूर्ण लांबी नसली तरी तिबारात काम उत्तम होतं.

पावणेदोनला जेवण. तपासणीचा भात टाकायचा नाही, ही शेठच्या आईची शिकवण. तिन्ही पातेल्यांतला भात एकत्र होतो, त्यावर माझं वरण. मुकादममामा हमालांच्या 'कष्टाची भाकर' केंद्रातून भाकरी-भाजी आणतात. मामांचं बासमतीबद्दलचं मत इतक्या वर्षांत बदललेलं नाही. "वासाला चांगला, पोटाला नाही. ओझं उचलायचं तर कोलम आणि भाकरी." मला ते पटतं.

तीनला कर्नालच्या दलालांना फोन. शेठ स्पीकरवर बोलतात, मी आकडे वाचून दाखवते. पलीकडून आधी नकार, मग "गिरणीत चूक झाली असेल". गिरणीचं नाव इथे लिहीत नाही. पण ही चूक आपोआप होत नसते. या दिवसांत नवी आवक जोरात असते. २०१३ साली आलेलं पुसा १५०९ हे वाण चार महिन्यांच्या आत तयार होतं, सप्टेंबरातच मंडीत येतं. त्याचा दाणा दिसायला अगदी ११२१ सारखा. ताज्या १५०९ मध्ये थोडा जुना ११२१ मिसळला की ताटात कोणालाही फसवता येतं, पातेल्यात नाही.

बोलता बोलता दलालांनी भावाचं रडगाणं लावलं, तेही खोटं नव्हतं. बासमती हा निर्यातीवर जगणारा तांदूळ. २०२३-२४ मध्ये देशातून ५२ लाख टनांहून जास्त गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने टनाला १,२०० डॉलरची किमान निर्यात किंमत लावली, ऑक्टोबरात ती ९५० वर आणली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. दिल्लीतला एक कागद हलला की कर्नालच्या शेतकऱ्याचा भाव हलतो आणि पंधरा दिवसांत माझ्या गाळ्यातला. युरोपचंही तसंच. भातावरच्या करप्यासाठी फवारतात त्या ट्रायसायक्लॅझोलची मर्यादा तिकडे इतकी खाली आणली की कंटेनर अडू लागले. म्हणून पुसा संस्थेने २०२१ साली करपा आणि कडा करपा दोन्हींना तोंड देणारी १८४७, १८८५ आणि १८८६ ही वाणं दिली. फवारणी वाचते, शेतकऱ्याचा पैसा वाचतो. या कामाचं मोल मला फार वाटतं. बासमतीचा मान नुसत्या जुन्या नावावर टिकलेला नाही, माणसं त्यासाठी अजून राबतायत.

'बासमती' हे नावही असंच लढून राखलेलं आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या राइसटेक कंपनीने बासमतीच्या गुणांवर पेटंट मिळवलं होतं. भारताने आव्हान दिल्यावर त्यातले मुख्य दावे गेले. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं: पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेश आणि जम्मूचा काही भाग. हिमालयाच्या पायथ्याचं पाणी आणि दाणा भरताना पडणारी थंडी यांचं ते देणं आहे. तेच बी आपल्याकडे पेरून वास येत नाही, असं नाही. पण तो बासमती म्हणून विकता येत नाही, आणि ते बरोबर आहे. मुळशीच्या आंबेमोहोराला आणि आजऱ्याच्या घनसाळलाही स्वतःचं मानांकन आहे. ज्याचं त्याला मिळावं.

तडजोड अशी झाली: तिसरं वक्कल नव्या मालाच्या भावाने घ्यायचं, बिल बदलून.

साडेचारला गोदाम. जुन्या मालाची थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. ओलावा मोजायचं छोटं यंत्र प्रत्येक थप्पीला लावते. बारा-तेरा टक्क्यांच्या आत हवा. वर गेला की पोरकिडे आणि कोंदट वास. पोत्याशी कान लावून किडा ऐकू येतो असं मामा म्हणतात. मला अजून ऐकू आलेला नाही, त्यांना येतो. दोनदा त्यांच्या सांगण्यावरून कट्टे उघडले, दोन्ही वेळा ते खरे ठरले.

पहिलं वक्कल आणि पारंपरिक पुढच्या थप्पीला लागले. तिसरं सर्वांत मागे, कोपऱ्यात. त्यावर पुठ्ठा लावला आणि मार्करने लिहिलं: 'नवा-जुना मिसळ. पुढच्या दिवाळीनंतर उघडणे. लग्नाला देऊ नये.' मुरेल तेव्हा भेसळीतला नवाही जुना झालेला असेल. तेव्हा पुन्हा शिजवून पाहीन.

सहाला दिवाणजी वही मिटतात, मी पातेली घासून पालथी घालते.

तुम्ही पुढच्या वेळी बासमती घ्यायला जाल तेव्हा 'चांगला द्या' किंवा 'लांब दाण्याचा द्या' असं म्हणू नका. घरी काय करणार आहात ते सांगा, किती माणसांचं ते सांगा आणि माल कुठल्या हंगामाचा आहे ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर पावशेरच घ्या, आधी घरी शिजवा, मग बाकीचा न्या.